स्टेकहाऊसच्या पार्किंगमधलं पाकीट

*ताई, आम्ही फ्रिस्कोला राहतो, डॅलसच्या उत्तरेला. मुलगा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे. लहानपणापासून सॉकर खेळायचा. नववीत कोचनं त्याला अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर नेलं आणि तो किकर झाला. पन्नास यार्डांवरून चेंडू खांबांमधून काढतो. दोन-तीन विद्यापीठांचे लोक येऊन बघून गेले. त्यांतल्या एका विद्यापीठाचे 'हितचिंतक' म्हणवणारे एक गृहस्थ, जमिनीच्या धंद्यातले, मला आणि मुलाला जेवायला घेऊन गेले. निघताना पार्किंगमध्ये त्यांनी हात मिळवला आणि माझ्या हातात पाकीट राहिलं. आत पाचशे डॉलर. "गॅसपाण्याला होतील," म्हणाले. वर असंही म्हणाले की तुम्ही आयटीतले आहात, आमच्या कंपनीचं थोडं कन्सल्टिंग करा, महिना तीन हजार, काम फारसं नाही. मुलगा गाडीत बसला होता, त्यानं पाहिलं नसावं. बायकोला सांगितलेलं नाही. पाकीट टेबलाच्या खणात आहे.*

*कोल्हापूरला आबांना फोनवर सांगितलं तर ते हसले. "पैलवानाच्या खुराकाला कुणीतरी पैसे देणारच, त्यात लपवायचं काय?" ऑफिसातला एक जण म्हणतो, इथं पहिल्यापासून असंच चालतं आणि आता तर सगळं कायदेशीर झालंय. खरंच असं चालतं का? मी काय करू? ग्रीन कार्डच्या रांगेत बारा वर्षं उभा आहे, उगाच भानगड नको.*

*– एक बाबा*

नमस्कार.

पाकीट आहे तिथंच राहू द्या. त्यातला एक डॉलरही खर्च करू नका. त्या गृहस्थांचा फोन आला तर "कळवतो" एवढंच म्हणा. मग हे सावकाश वाचा.

चालतं का, तर हो, चालतं. शंभर वर्षांचा इतिहास आहे. १९२९ साली कार्नेगी फाउंडेशननं कॉलेजच्या खेळांवर मोठा अहवाल काढला, त्यात ११२ पैकी ८१ विद्यापीठांत खेळाडूंना या ना त्या वाटेनं पैसे पोचत होते. कुठं देणगीदारांचा गुप्त फंड, कुठं हजेरी न लावता पगार मिळणारी नोकरी. अशा देणगीदारांना इथं 'बूस्टर' म्हणतात हे तुम्हाला माहीत असेलच. एनसीएए, म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणारी संघटना, तिच्या नियमात एक गंमत आहे: माणूस एकदा बूस्टर ठरला की तो जन्मभर बूस्टर. त्यामुळे तुमचे गृहस्थ उद्या म्हणाले की "मी दोस्त म्हणून दिले", तर त्या म्हणण्याला फुटक्या कवडीची किंमत नाही.

सगळ्यांत गाजलेलं प्रकरण तर तुमच्या अंगणातलंच आहे. तुमच्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटी, एसएमयू. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला डॅलसमध्ये तेलाचा आणि जमिनीचा पैसा ओसंडून वाहत होता आणि एसएमयूचा संघ देशात वरच्या नंबरांत होता. १९८२ च्या हंगामात एकही सामना हरला नाही. संघावर आधीच कारवाई झालेली होती, तरी १९८६ च्या नोव्हेंबरात एका माजी खेळाडूनं डॅलसच्या टीव्ही चॅनेलवर येऊन सांगितलं की करारावर सही करायला मला २५,००० डॉलर मिळाले. चौकशीत निघालं ते असं: १३ खेळाडूंना वर्षभरात सुमारे ४७,००० डॉलर, आणि त्यांतल्या आठ जणांना पुढं आणखी १४,०००. महिन्याला कुणाला पन्नास, कुणाला सातशे. आजच्या मानानं चिल्लर. फेब्रुवारी १९८७ मध्ये एनसीएएनं त्या वर्षीचा अख्खा हंगाम रद्द केला. १९८८ ला विद्यापीठानं स्वतःच संघ उतरवला नाही.

पण मला त्यात खरी भयंकर वाटते ती पुढची गोष्ट. मार्चमध्ये टेक्ससचे गव्हर्नर बिल क्लेमंट्स यांनी कबूल केलं की एसएमयूच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष असताना हे पैसे चालू ठेवायला त्यांचीच संमती होती. का, तर पोरांना शब्द दिला होता, तो एकदम कसा मोडायचा! हळूहळू बंद करू, असं ठरलं होतं म्हणे. राज्याचा गव्हर्नर हो! आपल्याकडे पतपेढीचा चेअरमनसुद्धा असं इतक्या सरळ बोलला नसता. आणि हिशेब कुणी चुकता केला? क्लेमंट्स गव्हर्नरपदाची मुदत पुरी करून घरी गेले. संघातली मुलं वाऱ्यावर सुटली, दुसरी विद्यापीठं आपली माणसं पाठवून त्यांना उचलून घेऊन गेली. एसएमयूला पुन्हा बोल गेम, म्हणजे हंगामानंतरचा मानाचा सामना, खेळायला २००९ उजाडावं लागलं.

आता दुसऱ्या टोकाचं. बूस्टर म्हणजे दर वेळी श्रीमंत तेलवालाच असतो असं नाही. डेट्रॉईटला एड मार्टिन नावाचा माणूस होता, फोर्डच्या कारखान्यातला निवृत्त इलेक्ट्रिशियन. मोटार कारखान्यांमधल्या कामगारांत तो आकड्यांचा बेकायदा जुगार चालवायचा. आपल्या मटक्याचा भाऊच म्हणा. त्यानं मिशिगन विद्यापीठाच्या चार बास्केटबॉल खेळाडूंना मिळून ६,१६,००० डॉलर दिल्याचं २००२ मध्ये कोर्टात कबूल केलं. गुन्हा होता काळा पैसा पांढरा करण्याच्या कटाचा. म्हणजे पोरांवरच्या प्रेमाबरोबर जुगाराच्या पैशाला वाट करून देणंही चाललं होतं. मिशिगननं १९९२ आणि १९९३ च्या फायनल फोरचे, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चार संघांत पोचल्याचे, झेंडे छतावरून उतरवले. त्या चौघांतला सगळ्यांत मोठा खेळाडू ख्रिस वेबर, त्याच्यावर फौजदारी खटला उभा राहिला आणि २००३ मध्ये त्याला कोर्टाच्या अवमानाचा गुन्हा कबूल करावा लागला.

मायामी विद्यापीठाचा बूस्टर नेव्हिन शापिरो तसाच. विद्यापीठानं त्याच्या नावानं खेळाडूंसाठी बैठकीची खोली ठेवली होती. त्याचा सगळा डोलारा ९३ कोटी डॉलरच्या पॉन्झी योजनेवर, म्हणजे नव्यांच्या पैशातून जुन्यांना परतावा देण्याच्या फसवणुकीवर, उभा होता. २०११ मध्ये वीस वर्षांची शिक्षा झाल्यावर त्यानं तुरुंगातून पत्रकारांना सांगितलं की ७२ खेळाडूंना मी पैसे, पार्ट्या, भेटवस्तू दिल्या. पुढं एनसीएएच्या चौकशीचाही घोळ झाला तो भाग वेगळा. पण अशा माणसाचे पाय घसरले की तो पहिल्यांदा वही उघडतो, आणि वहीत नावं पोरांची असतात.

म्हणून विचारते, तुम्हाला पाकीट देणाऱ्या माणसाबद्दल काय माहिती आहे? जमिनीचा धंदा करतात, एवढंच ना?

खरं सांगू, तुमचं पत्र वाचून मला आधी हसूच आलं. किकरला पाकीट! संघाची चाल चालवणाऱ्या क्वार्टरबॅकला देतात, पुढच्या फळीतल्या मोठ्या लाईनमनला देतात. किकर तर संघात एक नाहीतर दोन. किकरच्या बापाला पाचशे डॉलर देणारा माणूस एकतर फार दूरदृष्टीचा असला पाहिजे, नाहीतर सगळ्यांनाच वाटत सुटलेला. मला दुसरं जास्त खरं वाटतं. म्हणजे त्याच्याकडे आणखी बरीच नावं असणार. त्यांतलं एक फुटलं की तुमचंही निघालं.

आता आबांचं. आबा अर्धे बरोबर आहेत, आणि तो अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. कॉलेजच्या फुटबॉलवर कोच कोट्यधीश झाले, टीव्हीवाले झाले, आणि ज्यांचे गुडघे फुटतात त्या पोरांना फी माफी आणि मेसचं जेवण. 'स्टुडंट-ॲथलीट' हा गोंडस शब्दसुद्धा एनसीएएनं १९५० च्या दशकात चालू केला तो जखमी खेळाडूंनी कामगार म्हणून नुकसानभरपाई मागू नये म्हणून. हे वॉल्टर बायर्स या त्यांच्याच तेव्हाच्या प्रमुखानं पुढं स्वतः लिहून ठेवलंय. त्या काळात एखाद्या गरीब घरच्या पोरानं शंभराची नोट घेतली असेल तर मी त्याला चोर म्हणणार नाही.

पण आबांना एवढं विचारा: खासबागेत कुस्तीचं इनाम कसं जाहीर व्हायचं? शाहू महाराजांच्या काळापासून कोल्हापुरात पैलवानाला आश्रय होता तो उघड. अमक्या तालमीचा अमका मल्ल, खुराक अमक्या इनामदारांचा, हे पंचक्रोशीत पोराटोरांना माहीत असायचं. देणाऱ्याला मिरवायचं असायचं आणि घेणाऱ्याला लाज नसायची. अंधारात हात मिळवून पाकीट सरकवलेली कुस्ती कुठली असते, ते आबांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. नूरा कुस्ती.

तुमच्या ऑफिसातल्या मित्राचंही अर्धंच खरं. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपलं नाव, चेहरा आणि ओळख वापरू देऊन जाहिरातींतून पैसे कमावता येतात. त्याच्या दहा दिवस आधी सुप्रीम कोर्टानं खेळाडूंच्या शैक्षणिक लाभांवरच्या मर्यादांबद्दलच्या ऑल्स्टन खटल्यात नऊ विरुद्ध शून्य मतांनी एनसीएएला झोडपलं होतं. लगेच बूस्टरांनी 'कलेक्टिव्ह' काढले, म्हणजे देणगीदारांची मंडळंच, आणि तोच पैसा पुढच्या दारानं येऊ लागला. तुमच्याच राज्यात टेक्सस टेक विद्यापीठाच्या कलेक्टिव्हनं २०२२ मध्ये जाहीर करून शंभर फुटबॉल खेळाडूंना वर्षाला प्रत्येकी २५,००० डॉलर देऊ केले. तिथल्याच एका सॉफ्टबॉल पिचर मुलीला २०२४ मध्ये दहा लाखांवर मिळाले, तेही पेपरात छापून. आणि जून २०२५ मध्ये कोर्टानं खेळाडूंनी एनसीएएवर भरलेल्या हाऊस खटल्यातली तडजोड मंजूर केल्यापासून विद्यापीठं स्वतःच्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला २ कोटी ५ लाख डॉलर. बाहेरच्या कुणाशी केलेला सहाशे डॉलरवरचा करार नोंदवावा लागतो, आणि त्यामागं खरा धंदा आहे का हे तपासलं जातं. एसएमयूसुद्धा आता मोठ्या लीगमध्ये आली आहे. तिथं जाण्यासाठी त्यांनी नऊ वर्षांच्या टीव्ही उत्पन्नावर पाणी सोडलं आणि तो खड्डा देणगीदारांनी उघडपणे भरला.

एवढी रुंद पुढची वाट उघडी असताना एखादा माणूस पार्किंगमध्ये पाकीट देतो, तो का? एक, नोंद नको. दोन, विद्यापीठाची मर्यादा चुकवायची. आणि तीन, ज्याचा तुम्ही विचार केला नसेल: उद्या हात झटकता यावेत. कागदावर काहीच नसलं की दिलेला शब्द म्हणजे वाफ. २०२४ च्या सप्टेंबरात नेवाडा विद्यापीठाच्या लास व्हेगसच्या संघाचा क्वार्टरबॅक तीनपैकी तीन सामने जिंकून संघ सोडून गेला. त्याच्या बाजूचं म्हणणं, असिस्टंट कोचनं एक लाख डॉलर तोंडी कबूल केले होते. दुसरी बाजू म्हणाली, असं काही ठरलंच नव्हतं. फ्लोरिडात एका पोराला १ कोटी ३८ लाखांचा करार दाखवला, तोही लेखी, आणि तो कोसळला. प्रकरण कोर्टात गेलं. लेखीची ही गत, तर तुमच्या महिना तीन हजारांचं काय घेऊन बसलात?

आता त्या तीन हजारांकडे येते, कारण पत्रातली सगळ्यांत धोक्याची ओळ तीच आहे आणि तुमचं लक्ष मात्र पाचशेच्या पाकिटावर अडकलंय. मी तीस वर्षं या देशात लोकांचे टॅक्स भरले. तुमच्यासारखे कितीतरी जण माझ्यासमोर खुर्चीत बसून गेले. बारा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत आहात, म्हणजे बहुधा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहात. मुलगा इथं जन्मला असेल तर तो अमेरिकन नागरिक. तुम्ही नाही. एच-१बी वर ज्या कंपनीनं अर्ज केला तिचंच काम करता येतं. बाजूचं कन्सल्टिंग, मग ते महिन्याला तीन हजारांचं असो की तीनशेचं, हे विनापरवाना काम. एनसीएएच्या नियमात खेळाडूच्या आई-बापाला बूस्टरनं अशी नोकरी देणंही बसत नाही, पण ती तक्रार फार तर मुलाच्या खेळापुरती. तुमची तक्रार थेट तुमच्या स्टेटसवर जाईल. बारा वर्षं काढलीत, आणि 'काम फारसं नाही' म्हणणाऱ्या माणसासाठी ती पणाला लावणार? तो म्हणेल, बायकोच्या नावावर घ्या. त्यांच्याकडे वर्क परमिट असलं तरी नाही म्हणा. नातेवाईक म्हटलं की त्या नियमात त्याही आल्या.

तर आता करायचं ते. आज रात्री बायकोला सांगा. ही गोष्ट मी पहिली ठेवली, कारण पुढचं कुठलंही काम त्यांना अंधारात ठेवून जमणार नाही, आणि पोरांच्या बाबतीत आयांना कधी ना कधी कळतंच. मग मुलाला बसवून विचारा. "त्यानं पाहिलं नसावं" असं लिहिलंय तुम्ही. सतरा वर्षांची मुलं गाडीत बसून फोन बघत असतात हे खरं, पण पार्किंगमध्ये बापाचा हात कुठं गेला हे त्यांना दिसतं. त्याला त्या गृहस्थानं किंवा कोचनं वेगळं काही दिलंय का, बूट, फोन, जेवण, हेही शांतपणे विचारा. ओरडू नका. ओरडलात तर तो नाही म्हणेल आणि तुम्हाला हवी असलेली माहिती जाईल.

एका कागदावर तारीख, जागा, कोण काय बोललं ते लिहा. आणि एक प्रश्न आठवून बघा: या गृहस्थाशी तुमची ओळख कुणी करून दिली? स्वतः आला असेल तर एक. विद्यापीठाच्या कोचनं आणला असेल तर मामला बराच मोठा. फ्लोरिडा स्टेटच्या एका असिस्टंट कोचनं भरतीतल्या एका खेळाडूला आणि त्याच्या घरच्यांना स्वतः गाडीतून बूस्टरकडे नेलं, तिथं महिना १५,००० ची ऑफर झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये विद्यापीठावर कारवाई झाली.

मग खेळाचे नियम जाणणारा वकील गाठा, तासाभराचे पैसे पडतील. आणि तुमच्या इमिग्रेशनच्या वकिलाच्या कानावर घाला. त्यांच्या सल्ल्यानं विद्यापीठाच्या कंप्लायन्स ऑफिसला, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या ऑफिसला, कळवा. प्रत्येक मोठ्या विद्यापीठाला ते असतं आणि त्यांना असले फोन नवीन नसतात. कोचला आधी फोन करू नका. पैसे परत करायचे ते चेकनं, नोंद राहील असे, पुन्हा कुठल्या पार्किंगमध्ये नाही. लहान रकमेच्या बाबतीत, विशेषतः घरच्यांनी आपणहून सांगितलं असेल तर, तेवढी रक्कम एखाद्या धर्मादाय संस्थेला देऊन खेळाडूला खेळू देण्याची पद्धत आहे. ते तुम्हाला सांगतील त्याप्रमाणे करा. हायस्कूलचा हंगाम अजून चालू असेल तर तिथल्या कोचला कधी, कसं सांगायचं हेही वकिलालाच विचारा. टेक्ससमधले शाळेच्या खेळांचे नियम पैशाच्या बाबतीत कॉलेजपेक्षा कडक आहेत.

या सगळ्यात ते विद्यापीठ हातचं जाईल का? जाऊ शकेल. गेलं तर मला त्याचं वाईट वाटेल, खोटं कशाला बोलू. नव्या नियमात फुटबॉल संघात १०५ च खेळाडू, आणि किकरची जागा मिळणं सोपं नाही. पण पन्नास यार्डांवरून चेंडू काढणाऱ्या पोराला बघायला आणखी कुणीतरी येईल.

आणि पुढं खरीखुरी ऑफर आली, कागदावरची, तर सही करण्याआधी पूर्ण वाचा. फ्लोरिडाच्या एका खेळाडूनं २०२२ मध्ये ४,३६,००० डॉलर घेतले आणि बदल्यात व्यावसायिक कमाईचे पंधरा टक्के पंचवीस वर्षं देण्यावर सही केली. नंतर तो कोर्टात गेला. अशा पैशावर टॅक्स लागतो, तोही स्वतंत्र धंद्याचा, म्हणजे इन्कम टॅक्सच्या वर १५.३ टक्के सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स. पोरं पहिल्याच चेकवर गाडी घेतात आणि एप्रिलमध्ये बापाला फोन करतात. तेवढी वेळ आली तर मला पुन्हा लिहा. तो फॉर्म मी फुकट भरून देईन.